क्यांपातली झांज

आता ज्यांना जुनी गाणी म्हणतात, ती मी ऐकली तेव्हा नवी होती. तेव्हाही म्हातारी माणसं म्हणायचीच, की ह्याच्यापेक्षा आधीची बरी होती. म्हणून जुन्या-नव्याच्या भांडणात मी पडत नाही. मी बेळगावच्या शहापुरातला विणकर. जन्मभर हातमागावर लुगडी विणली आणि मनापासून ऐकलं ते एकच, इंग्रजी जाझ. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड जरा वाकडं होतं. विणकरानं अभंग ऐकावेत, फार तर नाटकातली पदं ऐकावीत, असा लोकांचा समज आहे. अभंग मीही ऐकले. झोप चांगली लागते.

जाझमधलं एक अक्षर मला कळलं नाही. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. कुणी अर्थ सांगायला लागलं तर मी उठून जातो, कारण एकदा फसलोय. माझ्याकडं एक तबकडी होती. तिच्यात एक बाई असं काही आळवायची की मी माग थांबवून बसायचो. मला वाटायचं, हिचं कुणीतरी गेलंय. कॉलेजात शिकणाऱ्या शेजाऱ्यानं एकदा कान लावून ऐकलं आणि सांगितलं, "तिची आगगाडी चुकलीय." त्यानंतर ती तबकडी लावली की मला बेळगावचं स्टेशन दिसायला लागलं. दुःख पार गेलं. शेजाऱ्याशी मी दोन महिने बोललो नाही.

लढाईच्या दिवसांत फोनोच्या पिना मिळेनाशा झाल्या, तेव्हा मी बाभळीचे काटे लावून ऐकलं. काटा चांगला वाळवून, टोकाला घासून घ्यावा लागतो. एका काट्यावर एक गाणं निघतं, दुसऱ्या गाण्याला त्याचा गळा बसतो. बांधावरची अर्धी बाभळ मी अशी ऐकून संपवली. पण फोनो नंतर आला. त्याच्या आधी एक घोळ झाला, आणि तो सांगायचा तर माझ्या आक्काच्या लग्नाचं सांगावं लागतं.

आमचे वडील लवकर गेले. घरात आई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आक्का आणि मी. मी मागावर बसायचो. आक्का शेजारी रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. आणि आम्हा दोघांचं काय काय चुकतंय ते आई सांगायची. घरात कामाची वाटणी अशी चोख होती.

क्यांपात, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीत, गोऱ्या साहेबांचा एक नाचायचा हॉल होता. तिथल्या टेबलांवर घालायला कापडं पाहिजे होती आणि एका व्यापाऱ्यानं ते काम आमच्या मागावर टाकलं. कापडं तयार झाली तशी एका रविवारी सकाळी गठ्ठा सायकलला बांधून मी घेऊन गेलो. हॉलच्या मागच्या व्हरांड्यात चार गोवेकर बाजा वाजवत बसले होते. सकाळी चर्चला जाऊन यायचे आणि मग आदल्या दिवशी नाचाला काय काय चुकलं त्याची तालीम करायचे. एकाच्या हातात पितळी कर्णा, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. दुसऱ्याकडं वाकडा लांब नळा, त्याला सॅक्सोफोन म्हणतात हे मागनं कळलं. तिसरा भल्यामोठ्या पेटीपुढं, आणि चौथा एक वाळकुडा ढोलवाला.

मी गठ्ठा उतरवला आणि उभा राहिलो. उभा राहिलो तो दया येऊन. ढोलवाला सारखा चुकत होता. जिथं ठोका पडायला पाहिजे तिथं हा गप, आणि आपण श्वास सोडला की हाणायचा. विणकराला ठोक्याचं कळतं. पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा, फणी ओढून ठोका द्यायचा, हे एकामागं एक झालं नाही तर कापड कुठं दाट, कुठं विरळ होतं आणि व्यापारी ते तोंडावर फेकतो. मला वाटलं, बिचाऱ्याची नोकरी जाणार. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो, सुधारलाय का बघायला. सुधारला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. चौथ्या रविवारी घरी येताना माझ्या लक्षात आलं, की मी सायकलचं पायडल त्याच्यासारखंच मारतोय आणि मला लई बरं वाटतंय.

हॉलचा माळी कानडी होता. मी कुंपणाशी उभा दिसलो की तो दर रविवारी विचारायचा, "एन बेकु?" म्हणजे काय पाहिजे. मी म्हणायचो, "काय न्हाय." तो मान डोलवून झाडांना पाणी घालायला जायचा. एवढ्यावर आमची मैत्री पाच वर्षं टिकली.

शेवटी मी धीर करून मास्तरांना विचारलं, की हा ढोलवाला चुकतोय ते तुम्ही त्याला सांगत का नाही. मास्तर अंगानं जाड, हसले की खुर्ची हसायची. म्हणाले, "चुकना रे तो. रावता." चुकत नाही, थांबतो. ऐकणारा पाय टाकणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो तेवढी जागा सोडतो. माझ्यासाठी कुणी जागा सोडलीय असं तोवर कधी झालं नव्हतं. मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवताना आईशी चार शब्द गोड बोललो. त्यानं ती घाबरली. भाकरी वाढणाऱ्या आक्कानंही वर बघितलं.

"दर रविवारी जातोस तरी कुठं रं?" तिनं विचारलं. क्यांपाबद्दल शहापुरात चांगलं बोलत नसत. तिथं दारू होती, गोऱ्या बायका होत्या, आणि आमच्या गल्लीतला एकजण तिकडं जाऊन साहेबाची टोपी घालायला लागला होता.

"क्यांपात जातो," मी म्हणालो. "जाझ ऐकायला."

"झांज?"

आता इथं मी म्हणायला पाहिजे होतं, की झांज नव्हे, जाझ. पण आईचं तोंड असं उजळलं की माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, "व्हय."

माझं सगळं पाप एवढंच, एक व्हय.

पण आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं, की अमक्याचा पोरगा दर रविवारी क्यांपात भजनाला जातो, झांजेसाठी वेडा झालाय. क्यांपात भजन कोण करतो हे एकानंही विचारलं नाही. पलटणीतल्या मराठा शिपायांचं असेल, असं लोकांनीच ठरवून टाकलं. म्हातारी माणसं मला बघून ओट्यावरनं पाय खाली घ्यायला लागली. आई विचारायची, "परसाद देत्यात का रं तिथं?" मास्तर कधी कधी बिस्कुटं द्यायचे, ती मी घरी आणायचो. आई एकेक बिस्कूट कपाळाला लावून खायची. आक्का नुसतीच खायची. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

आक्का तेव्हा पंचवीस वर्षांची. त्या काळात पंचविशीची पोरगी घरात म्हणजे गल्लीतली प्रत्येक बाई येता-जाता सुस्कारा टाकून जायची. चार ठिकाणं येऊन गेली होती. पहिल्यांनी सांगितलं, पोरगी उंच हाय. दुसऱ्यांनी सांगितलं, बाप न्हाय. तिसऱ्यांनी सांगितलं, पोरगी डोळ्याला डोळा लावून बोलती. चौथे काहीच बोलले नाहीत, दोनदा पोहे मागून घेतले आणि गेले. त्या चारी वेळा आक्का संध्याकाळी पुन्हा रहाटावर बसली. रडली नाही. आईनं तिच्या वाटणीचं रडून घेतलं.

पाचवं ठिकाण निपाणीकडचं, बोरगावचं. पोरगा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून, आणि आक्कापेक्षा चार बोटं उंच. हे आईनं बाकी काही विचारायच्या आधी विचारून घेतलं होतं. मंडळी बघायला आली. आक्कानं आतल्या दारातनं एकदा पोराकडं बघितलं आणि आईला म्हणाली, "हे जमलं तर बरं हुईल." आक्कानं उभ्या जन्मात कशाला बरं हुईल म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाजीतलं मीठसुद्धा बरं आहे असं ती म्हणायची नाही, नुसती जेवायची. हे आता जमलंच पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं.

पोराचे वडील, आप्पा, बोरगावच्या भजनात झांज वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नाही म्हणे. ते आल्या आल्या पोरीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागले.

"तुमचं नाव ऐकून आलो," आप्पा म्हणाले. "शहापुरातल्या आमच्या पावण्यानं सांगिटलं, घरचा पोरगा एक रविवार चुकवत न्हाय. म्हनलं, देवाच्या ठेक्याला जो रविवार चुकवत न्हाय, त्याच्या घरची पोरगी डोळं झाकून करावी."

मी पाण्याचा पेला उचलला. पेला रिकामा होता. तरी प्यालो.

"पाऊसपान्यातबी जाता?"

"व्हय." हे मात्र खरं होतं.

"जास्त करून कुठला अभंग घेत्यात तिथं?"

मी म्हणालो, "तिथं... शब्दांवर तसा भर न्हाय."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "वा! नुसता ठेका. लई वरची पायरी हाय ती!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. पोहे झाले. आप्पा हात धुवायला परसात गेले, आक्का पाणी द्यायला मागं गेली. मी पोराशी तंबाखूबद्दल बोलत बसलो. मला तंबाखूतलं काही कळत नव्हतं आणि त्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळं बोलणं छान चाललं. आप्पा आत यायला जरा वेळ लागला. आले ते उभ्या उभ्याच बोलले, "पोरगी पसंत हाय. हुंडा नको, मानपान नको. एकच गोष्ट पायजे. वरातीला भावाची ती क्यांपातली झांज आली पायजे." आणि माझ्या डोळ्यात बघत राहिले.

"एवढंच व्हय?" आई म्हणाली. "ह्यो एक शब्द टाकंल, धावत येतील!"

लग्नाला महिना होता. झांज आणायची कुठनं? आणि समजा नुसती आणली, तरी वरातीत बोरगावचं सगळं भजन असणार. एखादा माझ्या गळ्यात झांज अडकवून म्हणणार, होऊन जाऊ द्या. मग? झांज हातात धरायची कशी हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. खरं सांगितलं तर पाचवं ठिकाण मोडणार, आणि तेही उंचीमुळं नाही, बापामुळं नाही, माझ्यामुळं. रविवारी मी मास्तरांकडं जाऊन सगळं सांगितलं. मास्तर खुर्चीसकट हसले. मग त्यांना माझी कीव आली.

"झांज? आसा रे!" म्हणजे आहे की, असं म्हणून त्यांनी ढोलाच्या वरच्या काठीला अडकवलेल्या पितळी तबकडीवर एक फटका मारला. माळ्याच्या हातातली झारी पडली. मी म्हणालो, अशी नको, जरा देवाधर्माचं वाटलं पाहिजे. मास्तरांनी विचार केला, डोळे मिटले आणि कर्ण्यावर असं काही संथ, खोल वाजवलं की माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "मास्तर, बास! हेच पायजे. हे काय आहे?"

"हें आमी मयताक वाजयतांव," मास्तर म्हणाले.

तो मार्ग तिथं संपला. मग मी ठरवलं, झांज शिकायचीच. शहापुरात कुठल्या तोंडानं शिकणार? तिथं तर मी गुरू होतो. म्हणून वडगावच्या एका भजनात जाऊन बसलो. त्यांनी हातात झांज दिली. मी वाजवली. दोन ओळी झाल्यावर बुवांनी हात वर केला आणि विचारलं, "तुमचा हात मागं का ऱ्हातोय?"

"ऱ्हात न्हाय," मी म्हणालो. "थांबतोय."

"कशापायी?"

ह्याला काय सांगणार! दुसऱ्या बैठकीला त्यांनी मला टाळ्या वाजवायला बसवलं. तिसऱ्या बैठकीला नुसतं बसवलं. इतकी वर्षं ढोलवाल्याबरोबर चुकून चुकून माझा हात सरळ पडायचा विसरला होता. गवयी झालो नाही तो नाहीच, आणि आता साधा माणूसही राहिलो नाही, असं वाटलं.

आमच्या घरात अशी रीत, की बहिणीच्या लग्नाचं लुगडं भावानं विणायचं. मी ते विणायला घेणार होतो. हिरवं, तांबड्या काठाचं. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागितलं. म्हणाली, "पन्हा वीतभर जास्त ठेव रं. आखूड नेसून नेसून वीट आलाय." उंच बाईला नेहमीचं लुगडं घोट्याच्या वर राहतं आणि बायका मग घोट्याकडं बघून बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ती माझ्या शेजारी रहाटावर बसली होती आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

आणि ते लुगडं मला नीट विणता येईना. ठोका द्यायचो आणि डोक्यात बोरगावचं भजन वाजायचं. आक्का कांडी हातात देताना एकदा म्हणाली, "माग नीट बोलंना आज." मी म्हणालो, "दमट हवा हाय." तिनं दुसरी कांडी भरायला घेतली.

एका दुपारी मी जेवून उठलो आणि मागाच्या खोलीत आलो तर आक्का मागाशी वाकून उभी. विणून झालेला पदर तिनं दोन्ही हातांनी उचलून गालाला लावला होता आणि डोळे मिटले होते. मी दारात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी तसाच मागं सरलो आणि परसात जाऊन रडलो. मला माझी लाज वाटली. ज्या पोरीला चार जणांनी नाकारलं, ती एवढ्या आशेनं पदर गालाला लावते आणि मी इथं ढोलवाल्याची तबकडी देवाची म्हणून खपवायला निघालो होतो. आईला सांगितलं, झांजेचं नक्की करायला बोरगावला जाऊन येतो. हे बोलणं निदान अर्धं खरं होतं.

लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं. निपाणीला जाणारी सर्विस मोटार कोळशावर चालायची आणि प्रत्येक चढाला माणसांना उतरून ढकलावं लागायचं. मी जीव लावून ढकलत होतो. परतीची मोटार समोरनं आली की तिच्यात बसून घरी जावं असंही वाटत होतं. निपाणीत उतरलो, पुढं तंबाखूच्या बैलगाडीतनं बोरगावला गेलो. गाडीवान सगळ्या वाटेत एकच बोलला, "कुनाकडं?" मी आप्पांचं घर सांगितलं. तो म्हणाला, "लई सरळ मानूस." मला आणखी भीती वाटली.

आप्पा ओसरीवर बसून चिंचेनं झांजा घासत होते. मला बघून त्यांनी तोंड वर केलं.

"ये. एकटाच?"

"व्हय. सांगायचं हाय एक."

"आदी पानी पी."

पाणी प्यालो आणि उभ्यानंच सगळं ओकून टाकलं. "आप्पा, मी झांज ऐकायला जात न्हाय. जाझ ऐकायला जातो. त्यो इंग्रजी बाजा असतोय, नाचायचा. आईनं झांज ऐकलं आनि मी व्हय म्हनून बसलो. ह्यात माझ्या बहिणीचा काडीचा दोष न्हाय. मला शिव्या घाला, चपलेनं मारा, पर तिचं लगीन मोडू नका."

आप्पा घासतच राहिले. एक झांज झाली, दुसरी घेतली.

"कसा असतोय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्यो तुझा जाझ. करून दाखव."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. ओसरीच्या खांबावर हातानं ठेका धरला आणि तोंडानं कर्णा वाजवला. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आतनं बायका दारात आल्या, बघितलं आणि परत आत गेल्या. मी डोळे मिटून पूर्ण गाणं केलं. म्हटलं, जायचंच आहे तर नीट जाऊ दे.

"ठेका मागं ऱ्हातोय की," आप्पा म्हणाले.

"ऱ्हात न्हाय. थांबतोय."

"कुनासाठी?"

"ऐकनाऱ्यासाठी. त्यानं पाय टाकावा म्हनून."

आप्पांनी झांजा पुसल्या, हातात धरल्या आणि तसं एकदा करून बघितलं. जमलं नाही. पुन्हा केलं. तेही नाही. झांजा खाली ठेवून म्हणाले, "अवघड हाय." मग विचारलं, "देवाचं नाव येतंय का त्यात?"

"येत असंल," मी म्हणालो. "मला इंग्रजी येत न्हाय."

आप्पा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बस खाली. मला हे समदं म्हाईत हाय."

मला वाटलं, वडगावच्या बुवांनी सांगितलं असणार.

"तुझ्या बहिणीनं सांगिटलं," आप्पा म्हणाले. "बघायला आलतो त्याच दिवशी, परसात. हात धुताना मी म्हनलं, पोरी, तुझ्या भावाच्या झांजेकडं बघून आलोय मी ह्या घरात. तर ती म्हनली, मग तुमी चुकीच्या घरात आलाय आप्पा, त्यो इंग्रजी बाजा ऐकतो. आईला नीट ऐकू आलं न्हाय आनि त्यो गप बसला. मानूस वाईट न्हाय, म्हनली, पर झांज न्हाय ती."

मी खाली बसलो.

"मग अट कशाला घातली?"

"ती तुझ्यासाठी हुती. तिला म्हनलं, भावाला ह्यातलं काय बोलू नको. बघू तर खरं, येतो का न्हाय. न्हाय आलास तरी लगीन व्हनारच हुतं. तिचं तिनं केलं हुतं, तुझं तेवढं ऱ्हायलं हुतं." त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी भाकरी सांगितली. मी जेवलो. तीन भाकरी खाल्ल्या, कारण सकाळपासून मोटार ढकलली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. आई दारातच. "झांजेचं ठरलं का रं?"

"ठरलं. बोरगावचीच येणार हाय."

"आनि क्यांपातली?"

"लढाई हाय न्हवं," मी म्हणालो. "पलटण बाहीर गेलीया." हे दुसरं खोटं, पण आता लग्न मोडणार नव्हतं आणि आईचं मन मोडायची माझ्यात ताकद नव्हती. ती मरेपर्यंत सांगायची, की पोरीच्या वरातीला क्यांपातली झांज येणार होती, ती लढाईनं हुकवली. त्या लढाईनं जगाचं लई नुकसान केलं, असं तिचं मत होतं आणि हा तिचा मुख्य पुरावा होता.

मी मागाच्या खोलीत गेलो. आक्का कांड्या भरत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "जाऊन आलास?"

"तू सांगितलंस त्यांना."

"व्हय."

"इतके दिस मला एक शब्द बोलली न्हाईस."

"आप्पांनी नको म्हनलं हुतं. आनि तुझा माग ऐकत हुते की मी. जाशील असं वाटत हुतं." रहाट फिरतच होता. "लई येळ लावलास."

मला राग आला. खरं तर स्वतःचाच, पण तिच्यावर काढला. म्हणालो, "मोडलं असतं म्हंजे? पाचवं हुतं आक्का! तुला आवडलं हुतं ते. काय गरज हुती सांगायची? मी बघितलं असतं की माझं मी!"

तिनं रहाट थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. तिचं ते डोळ्याला डोळा लावून बघणं.

"मोडलं असतं तर मोडलं असतं," ती म्हणाली. "तू हितं मजेत बाजा ऐकनार, आनि मी तिथं जाऊन जन्मभर तुझी झांज वाजवत बसू व्हय रं?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "चुकलो," म्हणालो.

"व्हय, चुकलास," ती म्हणाली. तिनं रहाट फिरवला, पण सूत बोटावर अडकून तुटलं आणि तिनं ते जोडायचा प्रयत्न केला, जमेना. चार नकारांत जी रडली नव्हती, ती आता रडायला लागली. आवाज न करता, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"भ्या वाटलं न्हाय तुला तवा?" मी विचारलं.

"लई," आक्का म्हणाली. "सांगताना हातातला तांब्या पडला. त्यांच्या पायावरच. मला वाटलं, संपलं आता. तर त्यांनी वाकून उचलला, विसळला आनि परत माझ्या हातात दिला. म्हनले, चल पोरी, आत समदी वाट बघत्यात."